इराणी बचावपटूचा उजवा गुडघा

बीड-नेकनूर रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्याच्या पाटीवर दुसरंच नाव आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगितलं की तो विचारात पडतो. ‘इराण्याचा दवाखाना’ म्हटलं की बरोबर आणून सोडतो. एकदा बाहेरगावचा एक औषध विक्रेता चहा-मस्कापाव मिळेल म्हणून आत शिरला. आत त्याला कंबर धरून बसलेल्या बायका, भिंतीला टेकवलेल्या काठ्या आणि मी दिसले. मी त्याला माझ्याच थर्मासमधला चहा पाजला आणि सांगितलं, इथं कोणी इराणी नाही, पूर्वी एक जण यायचा. सगळं सांगायला तेव्हा वेळ नव्हता.

आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन बाहेर पडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. मी नगरला फिजिओथेरपी शिकले तेव्हा गावात कुणालाच ते नेमकं काय शिक्षण आहे हे कळलं नव्हतं. माय विचारणाऱ्यांना सांगायची, “हाडाची डागदरीन हाय.” मग मला एका मोठ्या शहरातल्या फुटबॉल क्लबात नोकरी लागली आणि मायची पंचाईत झाली. पोरगी तिथं काय करती, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? खेळणाऱ्या बाप्यांचे पाय चेपती, असं सांगणं तिच्या जिवावर यायचं. आबांनी तिची सुटका केली. ते म्हणाले, “सांग की, पाय दुरुस्त करती. आपन काय वेगळं करतो का? लंगडं मेंढरू आपन सोडून देतो का?”

त्या क्लबात मी दुय्यम फिजिओ होते, आणि सगळ्या ताफ्यात एकटी बाई. माझ्या दुसऱ्या वर्षी तो आला. इराणचा बचावपटू, वय चौतीस, उंचापुरा, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेले. मैदानावर तो गोलरक्षकाच्या पुढे उभा राहायचा आणि सगळा सामना बोलत असायचा. डावीकडच्याला आत बोलवायचा, उजवीकडच्याला मागे ओढायचा. हिंदी त्याला मोडकीतोडकी यायची, इंग्रजी त्याहून थोडी बरी. आमचं बोलणं या दोहोंच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत चालायचं. इथं मी ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे तो होता त्यापेक्षा जास्त सफाईनं बोलतो असं वाटेल.

त्याची-माझी खरी ओळख एका ‘नाही’पासून झाली. त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला होता. पुढच्या सामन्यात तो हवाच, असं मुख्य प्रशिक्षकांचं म्हणणं होतं. तो स्वतःही म्हणाला, खेळतो. वरिष्ठ फिजिओ रजेवर होते. मी त्याचा पाय टेबलावर घेतला, ताणून पाहिला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “नाही. या आठवड्यात नाही.” खोलीतली दोनचार पोरं हसली. प्रशिक्षकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्याच्याकडे बघितलं. तो टेबलावरून उतरला, मोजे घातले आणि म्हणाला, “डॉक्टर नाही म्हणते.” मग बाहेर जाऊन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला.

त्या दिवसापासून तो मला डॉक्टरच म्हणायचा. मी चारदा सांगितलं की मी तशी डॉक्टर नाही. त्यानं काही ऐकलं नाही.

बर्फ लावून बसलं की माणूस बोलतो, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे. वीस मिनिटं हलता येत नाही, फोनही कंटाळवाणा होतो, मग बोलणं सुरू होतं. त्याची सगळी कारकीर्द मी अशीच तुकड्यातुकड्यांनी ऐकली. इराणच्या नैर्ऋत्येला डोंगराच्या पायथ्याचं त्याचं गाव. चुलत्याकडे मेंढ्या. लहानपणी खेळायला चामड्याचा चेंडू नव्हता. प्लास्टिकचा हलका चेंडू वाऱ्यावर उडून जायचा, म्हणून पोरं एक चेंडू कापून त्यात दुसरा कोंबायची. तो दुहेरी चेंडू जरा जड होई आणि डांबरी रस्त्यावर नीट पळे. तेव्हा हा पुढच्या फळीत, गोल करणारा. अंगानं वाढायला लागल्यावर गावच्या प्रशिक्षकानं त्याला मागे आणलं. त्या दिवशी घरी जाऊन रडलो होतो, असं तो सांगायचा.

मग जिल्ह्याचा संघ, प्रांताचा संघ. सैन्यातली सक्तीची नोकरी त्यानं सैन्याच्या फुटबॉल संघातून खेळत पूर्ण केली. तिथून वरच्या लीगमध्ये. तिथं स्टेडियमात इतका गोंगाट असायचा की शेजारच्या खेळाडूला हाक ऐकू येत नसे; गोलरक्षक आणि तो हाताच्या खुणांनी बोलायचे. एकदा राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. जर्सी मिळाली. एका सामन्यात तो शेवटपर्यंत बाकावर बसून होता. पुढच्या वेळी खेळवतो, असं त्याला सांगितलं गेलं. त्याआधीच डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण क्लबाला तो लवकर हवा होता आणि त्यालाही घाई होती. “सगळे हो म्हणाले,” तो एकदा म्हणाला, “डॉक्टर हो म्हणाले, प्रशिक्षक हो म्हणाले, मी हो म्हणालो. गुडघ्याला कोणी विचारलं नाही.” तो परत खेळायला लागला, पण पहिल्या दोन पावलांचा वेग गेला तो गेलाच. राष्ट्रीय संघाचं बोलावणं पुन्हा आलं नाही. मग आखातातले लहान क्लब, आणि मग भारत.

हे सांगताना त्याच्या आवाजात कडवटपणा नसायचा. उलट मुलीचं सांगताना हसायचा. तिनं त्याला विचारलं होतं, “बाबा, टीव्हीवर गोल दाखवतात तेव्हा तू नेहमी खाली पडलेला का असतोस?”

त्या हंगामाच्या मध्यावर त्याचा उजवा गुडघा गेला. प्रतिस्पर्ध्यांचा कॉर्नर होता. तो उडी मारून डोक्यानं चेंडू परतवून खाली आला, पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि अंग फिरलं. कुणाचा धक्का लागला नव्हता. मी पिशवी घेऊन पळत गेले. तो पाठीवर पडून आकाशाकडे बघत होता. माझं मनगट धरून म्हणाला, “आवाज आला.” मी गुडघा हातात घेतला.  आतला जो लिगामेंट मांडीचं आणि पायाचं हाड एकमेकांना बांधून ठेवतो, तो तुटला होता. स्ट्रेचर आलं तर तो नको म्हणाला. एका बाजूला मी, एका बाजूला क्लबाचे डॉक्टर, असा आमच्या खांद्यांवर हात टाकून एका पायावर बाहेर आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो मला म्हणाला, “यांना वाटतंय मी संपलो.”

शस्त्रक्रिया चांगली झाली. पण चौतिसाव्या वर्षी या दुखण्यातून उठायला जवळजवळ वर्ष जातं. हंगाम संपला तसा क्लबानं त्याचा करार वाढवला नाही. माझाही नाही; नवे प्रशिक्षक आपली माणसं घेऊन येणार होते. दोघांनाही हे एकाच आठवड्यात कळलं. मी सामान बांधून बीडला आले आणि एक गाळा भाड्यानं घेऊन दोन खाटा टाकल्या. पाटी लावली. पहिले कित्येक दिवस कोणी फिरकलं नाही. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना चष्म्याचा नंबर काढायचा होता.

अशात एका दुपारी त्याचा फोन आला. तो अजून त्याच शहरात होता.

“डॉक्टर, तुझं गाव कुठं आहे?”

मी सांगितलं.

“तिथं मैदान आहे?”

“आहे.”

“बर्फ मिळतो?”

“मिळतो. कशासाठी?”

“मी येतोय.”

मी त्याला समजावलं, की इथं यंत्रं नाहीत, व्यायामशाळा म्हणावी अशी नाही, फुटबॉल कोणी खेळत नाही. तुमच्या देशात चांगले लोक असतील.  तो म्हणाला, “माझ्या देशात मला सगळे ओळखतात. सगळे हो म्हणतील. मला नाही म्हणणारं माणूस पाहिजे.”

त्याला घ्यायला बीडच्या बसस्थानकावर मी आणि आबा गेलो. आबा नुकतेच मेंढरं घेऊन परतले होते. एसटीतून एवढा उंच माणूस वाकून उतरला, तेव्हा आबांनी आधी त्याच्या पायांकडं बघितलं. “लई लांबून आलाव तुमी,” ते म्हणाले, आणि मला विचारलं, “कोनता पाय हाय?” मी सांगितलं. आबांनी त्याची पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. तो नको नको म्हणत होता. आबांना त्याची भाषा येत नव्हती, पण येत असती तरी त्यांनी ऐकलं नसतं.

राहायची सोय एका निवृत्त उर्दू मास्तरांच्या घरी झाली. मास्तर एकटे राहायचे. वरची खोली रिकामी होती. तरुणपणी त्यांनी थोडी फारसी वाचली होती, आणि घरात खरोखरीचा इराणी माणूस राहायला येणार म्हटल्यावर त्यांनी दाढी करून, धुतलेला कुर्ता घालून त्याचं स्वागत केलं. एक लांबलचक वाक्य फारसीत म्हटलं. पाहुण्यानं छातीवर हात ठेवून मान लववली. नंतर मला हळूच म्हणाला, “हा माझ्याशी बादशहाच्या दरबारातल्यासारखा बोलतो. मला कसनुसं होतं, मी चप्पल घालून उभा होतो.” पण संध्याकाळी दोघं गच्चीवर चहा पीत बसायला लागले. मास्तरांची फारसी थोडी आजची झाली आणि त्याची हिंदी थोडी सुधारली.

परदेशी माणूस म्हणून पोलीस ठाण्यात नोंद करायला गेलो तर तिथल्या हवालदारांनी सगळं विचारून घेतलं. कशासाठी आलात, किती दिवस, कोणाकडे. मी गुडघ्याचं सांगितलं. “गुडघ्यासाठी इराणहून बीडला?” त्यांनी दोनदा विचारलं. आम्ही बाहेर पडलो तसे ते मागून आले आणि आपली विजार गुडघ्यापर्यंत वर करत म्हणाले, “ताई, माझाबी जरा बघा. जिना चढताना कटकट वाजतोय.” बीडमधले ते माझे पहिले रुग्ण. मग त्यांची बायको आली, मग बायकोची बहीण. ऊसतोडीहून परतलेल्या बाया कंबर घेऊन यायला लागल्या. खाटेवर तो उंच माणूस पाय उचलून धरून घाम गाळतोय हे बघून त्यांना धीर यायचा. एक मावशी त्याला म्हणाल्या, “दुखतंय का रं बाबा?” त्याला प्रश्न कळला नाही, पण कंबरेवर हात ठेवून त्यानं विचारलं, “कमर?” मावशी खूश. “कंबर, कंबर! ह्याला तर आपली बोली येतीय!” मग तो कंबर, मैदान, जमीन, दरवाजा असले त्याच्या-आमच्या भाषेतले सारखे शब्द सापडतील तसे गोळा करत बसायचा. माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो ‘आस्ते’. त्याच्याकडेही आहिस्ते, आमच्याकडेही आस्ते. दिवसभर मी तोच म्हणत असायचे.

सकाळी मैदानावर चालणं, दुपारी दवाखान्यात ताकदीचे व्यायाम. गुडघ्यावर भार न टाकता पळायचा सराव हवा होता, आणि त्यासाठी पाणी लागतं. पोहण्याचा तलाव मिळणं अवघड होतं, म्हणून आमच्या गावाजवळच्या पाझर तलावावर गेलो. म्हशी जिथून पाण्यात उतरतात तिथं उतार सौम्य आहे आणि कमरेएवढं पाणी बऱ्याच लांबवर आहे. तो पाण्यात उतरून गुडघे वर उचलत चालायचा, मग पळायचा. काठावर आबा मेंढरं पाणी पाजत उभे असायचे. आबांनी फुटबॉल कधी बघितला नव्हता. त्यांनी माझ्यामार्फत चौकशी केली.

“तुमी किती गोल केले?”

त्यानं आठवून सांगितलं, “सगळ्या आयुष्यात? थोडे. बोटांवर मोजण्याइतके.”

“मंग तुमाला संघात कावून ठिवत्यात?”

त्यानं पाण्यात उभं राहून मला समजावलं आणि मी आबांना सांगितलं, की समोरचे चेंडू घेऊन येतात तेव्हा त्यांच्या आणि गोलच्या मध्ये उभं राहायचं, हे याचं काम. आबांनी क्षणभर विचार केला. “म्हंजी राखन,” ते म्हणाले. “तसं सांगायचं की आधी.” त्यानंतर ते दोघं माझ्याशिवायच गप्पा मारायला लागले. त्याला मेंढरांचे दात बघून वय ओळखता यायचं. चुलत्यानं शिकवलं होतं. माय त्याला भाऊ म्हणायची. ज्वारीची भाकरी त्याला पहिल्या दिवशी गिळता येईना, आणि महिन्याभरात तो मायला म्हणायला लागला, “भाऊला अजून एक.”

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. श्रावणाच्या सुमारास त्याच्या देशातल्या एका क्लबाचा फोन आला. बचावपटू हवाय, येऊन चाचणी दे, पण लगेच ये. त्यानं मला हे दवाखान्यात सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा वीस वर्षांच्या पोरासारखा झाला होता. मी त्याला खाटेवर बसवलं, दोन्ही पायांची ताकद तपासली. उजव्या मांडीचा घेर अजून डाव्यापेक्षा कमी होता, हे डोळ्यांनीही दिसत होतं.

“नाही,” मी म्हणाले.

“हा शेवटचा फोन असेल.”

“असेल. तरी नाही.”

“क्लबात तू प्रशिक्षकाला नाही म्हणाली होतीस. आता मला म्हणतेस.”

“तेव्हाही तुम्हालाच म्हणाले होते.”

तो उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी फोन केला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा फोन आला, आवाजात काळजी होती. “बेटा, ते बूट घालून गेलेत. खेळायचे बूट. कपिलधारला जातो म्हणाले.”

मी आबांना हाक मारली. कपिलधारला डोंगर आहे, धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, आणि पावसाळ्यात त्या ओल्या असतात. गुडघा बरा झालाय हे स्वतःला पटवून द्यायला तो त्या पायऱ्यांवरून धावत उतरणार, याबद्दल मला शंका नव्हती. आबांनी मोटारसायकल काढली.  वाटेत आबा एवढंच म्हणाले, “पडला आसंल तर उचलू. तू आधीच रडू नको.”

धबधबा भरात होता. सुटीचा दिवस, माणसं बरीच. आम्ही पायऱ्यांच्या वर उभं राहून बघितलं तर तो खालून वर येताना दिसला. पडला नव्हता. धावतही नव्हता. त्याच्या हाताला धरून एक म्हातारी बाई एकेक पायरी चढत होती. बाई थांबली की तो थांबायचा. वर आल्यावर तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली आणि देवळाकडे गेली. त्यानं आम्हाला बघितलं आणि लाजल्यासारखा हसला.

“पळायलाच आलो होतो,” तो म्हणाला. “वर उभा राहिलो, तयार झालो. तर या आजीनं येऊन माझा हात धरला. मला खाली ने, म्हणाली असेल. मला काय कळतंय. तिच्याबरोबर उतरायला लागलो. आजी फार सावकाश. निम्म्यात आलो तेव्हा मला कळलं, की उजवा पाय खालच्या पायरीवर टाकताना मी दर वेळी घाबरतोय. तू म्हणाली होतीस ते खरं आहे. पाय अजून माझा झालेला नाही.”

 आबांनी विचारलं, “काय म्हन्तोय?” मी सांगितलं. आबा म्हणाले, “त्याला म्हनाव, भूक लागली आसंल.” माय निघताना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते, कुठंही निघालं तरी देते. एका झाडाखाली बसून आम्ही तिघांनी खाल्लं. मग त्यानं माझ्यासमोर फोन लावला आणि त्याच्या भाषेत बोलला. शब्द कळले नाहीत, पण बोलणं शांतपणे चाललं होतं. फोन ठेवून म्हणाला, “त्यांना सांगितलं, हिवाळ्यात तयार असेन. ते म्हणाले, बघू. म्हणजे नाही.” त्यानं बूट काढून पिशवीत टाकले आणि अनवाणीच मोटारसायकलपर्यंत आला.

त्यानंतर त्यानं जो व्यायाम केला तसा व्यायाम करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. घाई नाही आणि आळसही नाही. एका पायावर उभं राहणं, एका पायावर उडी, वळणं, थांबणं. शेवटी मैदानावर त्याची परीक्षा घेतली. हवालदार, मास्तर आणि दवाखान्यातल्या दोघीतिघी मावश्या बघायला आल्या होत्या. एका पायानं लांब उडी मारायची, मग दुसऱ्या पायानं, आणि दोन्हींतलं अंतर ताडून बघायचं. मग पूर्ण वेगानं धावून एकदम वळायचं. मी टेप लावून उड्या मोजल्या. उजवा पाय डाव्याच्या बरोबरीला आला होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, “हो.”

त्याला क्षणभर ऐकूच आलं नसावं. “काय?”

“हो म्हणाले. खेळा.”

तो मैदानातच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मावश्यांना वाटलं लागलं, त्या पळत आल्या. मीही पुढे झाले. पण तो हसत होता, डोळे पुसत होता, आणि मग उठून त्यानं सगळ्यांना हात जोडले.

तो गेला तो दिवाळीनंतर, आबा मेंढरं घेऊन निघाले त्याच्या आदल्या दिवशी. श्रावणात बोलावणाऱ्या क्लबानं अखेर त्याला घेतलं नाहीच. पण त्याच्या स्वतःच्या गावचा, जिथं प्रशिक्षकानं त्याला पुढून मागे आणलं होतं तिथला, लहान क्लब दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता. त्यांना अनुभवी माणूस हवा होता. तिथं तो उरलेला अर्धा हंगाम आणि त्यानंतरचा पूर्ण हंगाम खेळला. गुडघ्यानं एकदाही दगा दिला नाही. दर सामन्यानंतर मला निरोप यायचा: “सूज नाही.” कधी हरलो-जिंकलो ते लिहायचा, कधी विसरायचा.

त्याचा निरोपाचा सामना आम्ही दवाखान्यात मोबाइलवर बघितला. चित्र सारखं अडकायचं. मोबाइल औषधांच्या खोक्याला टेकवून ठेवला होता आणि आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. मास्तर अधूनमधून समालोचनाचा अर्थ सांगत होते, बराचसा अंदाजानं. स्टेडियम लहान होतं, पण भरलेलं होतं, आणि त्याची बायको आणि मुलगी पहिल्या रांगेत उभ्या होत्या. संपायच्या थोडं आधी त्याला बाहेर बोलावलं गेलं, म्हणजे लोकांना टाळ्या वाजवता याव्यात. तो चालत बाहेर आला. कुणाच्या खांद्यावर हात नव्हता. माय म्हणाली, “लंगडत न्हाई बघ,” आणि पदरानं डोळे पुसले. मीही पुसले. हवालदार बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगून आले.

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ मदत झाली. आबांनी शिकवलं, मायनं गावाची बोलणी झेलली. पण परक्या देशातला, नाव मिळवलेला माणूस आपला तुटलेला पाय घेऊन एसटीनं बीडला येतो आणि दोन खाटांच्या दवाखान्यात उपचार घेतो, यानं मला जे मिळालं ते मला दुसरीकडून मिळालं नसतं. लोकांनी आधी त्याच्यावर भरवसा ठेवला, आणि तो माझ्यावर ठेवत होता म्हणून मग माझ्यावर ठेवला. आता खाटा पाच आहेत. माझ्याकडे दोन मुली काम करतात, एक युसूफ वडगाव या गावची, एक बीडचीच. रुग्णाला ‘नाही’ कसं म्हणायचं हे त्यांना शिकवताना मी त्याच्याबद्दल सांगते. माझं थोडं आणि त्याचं जास्त सांगते, कारण नाही म्हणणं सोपं असतं, ते ऐकून थांबणं अवघड.

हे सगळं मी त्याला मागच्या आठवड्यात फोनवर एकदम सांगून टाकलं. तो आता गावातल्या मुलांना शिकवतो, आणि एका मुलाच्या घोट्याचं विचारायला त्यानं फोन केला होता. मुलाच्या घरच्यांना स्पर्धेची घाई होती. मी घोट्याचं सांगितलं, आणि मग हे बोलून गेले.  

“डॉक्टर,” तो म्हणाला, “मी पस्तिसाव्या वर्षी माझ्या आईसमोर खेळलो. पूर्वी आमच्याकडे बायकांना स्टेडियमात सोडत नसत, तिनं मला तोपर्यंत फक्त टीव्हीवर बघितलं होतं. तू माझे आभार मानू नकोस.”

मग त्यानं आबा कुठं आहेत असं विचारलं. आबा बाहेर बाकावर बसले होते. हल्ली ते मेंढरांमागे जात नाहीत, धाकटा भाऊ जातो. मी फोन त्यांच्या हातात दिला. आबा फोन कानाला न लावता तोंडासमोर धरतात आणि परदेश लांब आहे म्हणून मोठ्यानं ओरडतात. “पाव्हनं! औंदा सोळा कोकरं झाली! सगळी चांगली हायत!” पलीकडून काहीतरी मोठ्यानं उत्तर आलं. त्याला कोकरं म्हणजे काय ते माहीत होतं. आबा खदखदून हसले आणि पुढचं सांगायला लागले. आत एक मावशी गुडघ्याला शेक घेत थांबल्या होत्या. आबांकडे फोन तसाच ठेवून मी त्यांच्याकडे गेले.